फरसबीच्या लेखातून गाळलेला परिच्छेद

मला स्वयंपाक येत नाही. जन्मभर मी कॅलमझू गावात शाळेची बस चालवली आणि घरचा स्वयंपाक नवऱ्याने केला. तो गेल्यावर मी डब्यातलं सूप आणि टोस्ट यांवर आले. शेजारच्या आर्डिथ हुकस्ट्राला नेमकी अशीच बाई हवी होती.

आर्डिथ इथल्या वर्तमानपत्रात बातम्या तपासायची. दुसऱ्यांच्या चुका काढून काढून तिची नजर अशी झाली होती की चर्चच्या पाटीवर चुकीच्या जागी पडलेला स्वल्पविरामसुद्धा तिला टोचायचा. पेपर बंद पडला, आणि साठीला टेकलेल्या बाईला दुसरीकडे कोण उभं करतंय? मग ती ‘भरलं फडताळ’ नावाच्या वेबसाइटसाठी घरी बसून लिहायला लागली. जॅम कसा करायचा, काकड्या कशा मुरवायच्या, बागेतल्या भाज्या बरण्यांत भरून हिवाळ्यासाठी कशा ठेवायच्या, असलं सगळं. लेखावर तिचं नाव आणि नावाखाली फोटो, निळा स्वेटर घातलेला, चष्मा नाकावरून जरा घसरलेला.

स्ट्रॉबेरी जॅमचा तिचा पहिलाच लेख मी हौसेने छापून घेतला आणि तसा जॅम केला. संध्याकाळी ती आली तेव्हा पातेल्यात चमचा उभा होता, आणि हलवला तरी हलत नव्हता.

“नेल्डा, हे किती वेळ ढवळलंस?”

“तू लिहिलंयस ना, दाटसर होईपर्यंत.”

“अगं, पण दाटसर म्हणजे एवढं?”

“मला काय माहीत? मला दाटसर म्हणजे डांबर माहितीय.”

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिने खुर्ची ओढली, लेखाचा कागद पुढे घेतला आणि ‘दाटसर’ या शब्दाखाली रेघ मारली. म्हणाली, “चूक तुझी नाही. पेपरात मी बातमी लिहिणाऱ्याला विचारायचे, हे तू डोळ्यांनी पाहिलंस का? इथे मला कुणी विचारलंच नाही.”

त्या दिवसापासून तिची लिहिण्याची एक रीत बसत गेली. आधी ती पदार्थ स्वतः करायची, आणि करताना जे पुटपुटायची ते फोनमध्ये भरून ठेवायची. हात धुऊन लगेच टंकायला बसायची. म्हणायची, उद्यावर टाकलं की हात विसरतात आणि डोकं थापा मारायला लागतं. मग तो कच्चा मजकूर घेऊन ती माझ्याकडे यायची. मी तो मोठ्याने वाचत वाचत पदार्थ करायचा, आणि तिने खिडकीशी स्टुलावर बसून तोंड मिटून बघायचं. मी काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, हा नियम तिने स्वतःवर घातला होता. “आता गॅस बारीक करायचा का गं?” मी विचारायचे, आणि ती छताकडे बघायची. पण मी जिथे अडले तिथे कागदावर पेन्सिलीचा ठिपका पडायचा. एकेका लेखावर देवी आल्यासारखे ठिपके. घरी जाऊन प्रत्येक ठिपक्याचं ती एक साधं वाक्य करायची. मग लेख रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी ओसरीवर मोठ्याने वाचायचा, आणि वाचताना जिथे धाप लागेल ते वाक्य तोडायचं. मथळा सगळ्यांत शेवटी.

“मथळा आधी का नाही?” मी एकदा विचारलं होतं.

“आधी ठरवला की लेख त्याच्या मागून फरफटत जातो. मग मथळा खरा करायला माणूस काहीही लिहितो.”

फरसबीच्या लेखाने आम्हा दोघींचा घाम काढला. जॅम, लोणची सोपी; त्यांना साखर आणि आंबटपणा सांभाळून घेतो. फरसबीत आंबट काही नाही, त्यामुळे नुसत्या उकळत्या पाण्याने बरणी निर्धोक होत नाही. मातीतून आलेले जे सूक्ष्म जंतू असतात, ते उकळीला मरत नाहीत, बंद बरणीत वाढतात आणि विष करतात. त्यांना दाबाचा मोठा कुकरच लागतो. तो कुकर माझ्या शेगडीवर असा फुसफुसायला लागला की मी बरणीची झाकणी हातात घेऊन परसात पळाले. आर्डिथने नियम मोडला नाही. स्टुलावर बसूनच राहिली आणि ठिपका दिला. लेखात त्याचा एक अख्खा परिच्छेद झाला: कुकर का, आवाज कसला, घाबरायचं कशाला आणि कशाला नाही. शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे. ‘कुकर नसेल तर फरसबी फ्रीजरमध्ये ठेवा, पातेल्यात उकळून बरणीत भरू नका.’

मग वेबसाइट कुणीतरी विकत घेतली आणि केंडल ऑस्गुड नावाची नवी संपादक आली. बोलायला गोड, आणि कामाची होती हेही खरं. तिने सगळ्या लेखकांना पडद्यावर एकत्र बोलावलं. मी आर्डिथच्या मागे कॉफी घेऊन बसले होते.

“आपण आता सगळ्यांची एकच पद्धत करतोय,” केंडल म्हणाली. “लोक काय शोधतात ते आधी बघायचं, मथळा तिथून उचलायचा, आणि मजकूर त्याला जुळवायचा. आर्डिथ, तुझे लेख उत्तम असतात, पण तुझ्या पायऱ्या फार आहेत. ही जी नेल्डाची पायरी आहे ना, ती गाळता येईल.”

“नेल्डा पायरी नाही,” आर्डिथ म्हणाली, “माझी शेजारीण आहे. आणि मागे बसून ऐकतेय.”

मी पडद्याला हात केला. केंडल हसली. पण त्यानंतर आर्डिथला काम कमी यायला लागलं, आणि जुने लेख ‘ताजे’ करायला दुसरी माणसं बसली. कोण होती ती, माणसंच होती का, आम्हाला कधी कळलं नाही.

ऑगस्टमध्ये माझ्या कुंपणावर फरसबी अशी लगडली की गल्लीत कुणाच्या दारात पिशवी ठेवायची सोय उरली नाही. लोक पडदा सारून आधी बघायचे मी येतेय का. म्हटलं, या वर्षी एकटीने बरण्या भरू. लेख उघडला. तोच निळा स्वेटर, तोच घसरलेला चष्मा. पण वरती मथळा होता: ‘कुकर नको, कटकट नको! साध्या पातेल्यात बरणीबंद फरसबी’.

मी पान सरकवत खाली गेले, परत वर आले, पुन्हा खाली गेले. मग फोन लावला.

“आर्डिथ, कुकर कुठे गेला?”

“कुठला कुकर?”

“तुझ्या लेखातला. ज्याला भिऊन मी परसात पळाले तो.”

“असेल की. नीट बघ, चष्मा लाव.”

“लावलाय. इथे लिहिलंय, पाण्याला उकळी आणा, बरण्या सोडा, गार करा, फडताळात ठेवा.”

 मग तिचं मागचं दार आपटल्याचा आवाज मला फोनमधूनही आला आणि खिडकीतूनही. सपातांवरच ती हिरवळ ओलांडून आली, माझ्या हातून फोन घेतला, उभ्यानेच वाचला आणि माझ्याच टेबलावरून केंडलला स्पीकरवर फोन लावला.

“फरसबीचा लेख कुणी बदलला?”

“ताजा केलाय, आर्डिथ! मस्त चाललाय. शोधलं की सगळ्यांत वर येतो.”

“कुकरचा परिच्छेद काढलाय त्यातला.”

“हो, लोक नेमके तिथेच पान सोडून जात होते. कुकर आणा म्हटलं की वाचक पळतो.”

“पळू दे ना! पळालेला वाचक जिवंत तरी राहतो!”

“आर्डिथ, जरा शांतपणे...”

“शांतपणेच सांगते. त्या विषाला वास नाही, चव नाही. आधी एकाची दोन दिसतात, मग जीभ जड होते, मग श्वास बंद पडतो. आणि वर माझा फोटो आहे.”

“मी समजू शकते तुला काय वाटतंय. मी तक्रार नोंदवून ठेवते. छापून आलेला मजकूर आता मलाही थेट बदलता येत नाही, त्याची एक प्रक्रिया आहे. पुढच्या आढाव्यात घेऊ.”

“आढावा कधी?”

“ऑक्टोबरमध्ये.”

“ऑक्टोबरमध्ये फरसबी वेलावर नसते, केंडल. लोकांच्या बरण्यांत असते.”

तिकडे टकटक टंकल्याचा आवाज. मग केंडल म्हणाली, “तुला हवं असेल तर तुझं नाव काढता येईल. ते लगेच होतं.”

“काढ,” आर्डिथ म्हणाली. “आत्ताच्या आत्ता काढ.”

माझ्या कपातली कॉफी निवायच्या आत नाव गेलं. फोटोच्या जागी एक टोपली आली आणि खाली ‘भरलं फडताळ परिवार’. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव पुसायला कॉफी निवण्याइतका वेळ, आणि माणसं मारील असं वाक्य पुसायला ऑक्टोबर! मी तोंडाला येईल ते बोलले. आर्डिथ मात्र सुटल्यासारखी खुर्चीत बसली आणि म्हणाली, “निदान खोटं माझ्या नावावर तरी नाही.”

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळीच ती पुन्हा दारात, हातात फोन. वाचकांची पत्रं वेबसाइटवरून तिच्याकडे यायची, आणि ती ई-मेलच्या ज्या कप्प्यात पडायची तो तिने काम कमी झाल्यापासून उघडला नव्हता. त्यात एल्कहार्ट गावच्या कर्टिस बोलिन नावाच्या माणसाचं दोन दिवसांपूर्वीचं पत्र होतं. गाड्यांच्या कारखान्यात काम करणारा. ‘आर्डिथबाई, आयुष्यात पहिल्यांदा बरण्या भरल्या. तुमचा लेख इतका सोपा होता की मलासुद्धा जमलं. बायको विश्वास ठेवायला तयार नव्हती. शनिवारी आमच्या चर्चचं जेवण आहे, फरसबीच्या कॅसरोलची जबाबदारी मी घेतलीय.’ सोबत फोटो: खिडकीत ओळीने बरण्या, हिरव्यागार, उन्हात चमकणाऱ्या. चर्चचं नावही पत्रात होतं.

तिने उत्तर धाडलं होतं. ते त्याने उघडलेलं दिसत नव्हतं. चर्चचा फोन कुणी उचलेना.

“गाडी मी चालवते,” मी म्हटलं.

तासाभराचा रस्ता. आर्डिथ पुन्हा पुन्हा चर्चचा फोन लावून बघत होती. माझंच तोंड चालू होतं, त्या टोपलीला आणि त्या परिवाराला उद्देशून, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात पाचसहा बाया आणि एक दणकट, दाढीवाला माणूस होता. त्याच्यासमोर कॅसरोल ओव्हनमध्ये भाजायचा मोठा ट्रे होता, तळलेल्या कांद्याचे डबे होते आणि दोन बरण्या उघडलेल्या होत्या. आर्डिथने दारातूनच हाक मारली. “मिस्टर बोलिन, थांबा. ती फरसबी वापरू नका. कृपा करून चाखू नका.”

सगळे वळले.

“आपण कोण?”

“मी आर्डिथ हुकस्ट्रा. तो लेख माझा आहे. म्हणजे होता. तो बदललाय. या बरण्या कुकरमधून काढायला हव्या होत्या. पातेल्याने त्या निर्धोक होत नाहीत.”

कर्टिसने हातातला चमचा खाली ठेवला, खिशातून फोन काढला, लेख उघडला आणि आमच्याकडे धरला. “इथे तर तुमचं नाव नाही.”

“काल काढायला लावलं मी.”

“मी वाचलं तेव्हा होतं. फोटोही होता. निळा स्वेटर.” तो तिच्याकडे बघत राहिला. ओळख पटत गेली तसा त्याचा चेहरा लाल होत गेला. “बाई, मी तीन लेख वाचले होते. बाकीचे दोन कुणी लिहिले याचा पत्ता नव्हता. तुमच्या लेखावर माणूस दिसला म्हणून मी त्याच्यावर विश्वास टाकला. मी आणि माझ्या बायकोने, ट्रिनाने, मंगळवारी ही फरसबी खाल्लीय.”

एका बाईने तोंडावर हात घेतला. दुसरी, पिकल्या केसांची, पुढे आली आणि म्हणाली, “मी नर्स होते. मंगळवारी? डोळ्यांना काही होतंय? गिळताना त्रास?”

“नाही.”

“तसं काही वाटलं तर क्षणाचाही विचार न करता दवाखाना गाठायचा. ट्रिनालाही आत्ता फोन करून सांग.”

त्याने फोन केला. बायकोशी बोलताना त्याचा आवाज हलका होता. फोन ठेवून आर्डिथकडे वळला तेव्हा नव्हता.

“एक सांगा मला. लेख चुकलाय हे तुम्हाला काल कळलं. आणि तुम्ही काय काढायला लावलंत? नाव. स्वतःच्या अंगावरचं झटकलंत. मजकूर राहिला तिथेच. आज सकाळी मी पुन्हा तोच उघडून बसलो होतो!”

“अहो, तिने सांगितलं होतं त्यांना,” मी मध्ये पडले. “भांडली ती. ते म्हणाले ऑक्टोबर...”

“नेल्डा, गप्प बस,” आर्डिथ म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “बरोबर बोलतायत ते. नाव असतं तर मला त्या लेखाखाली निदान ओरडता आलं असतं, की हे खोटं आहे. मीच त्यांना मोकळं केलं.” मग तिने आपला फोन काढला, केंडलचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि कर्टिसच्या हातात दिला. “माझं त्या ऐकत नाहीत. तुम्ही बोला.”

केंडलने लगेच उचलला. “हाय आर्डिथ! शनिवारी?”

“आर्डिथ नाही, मी कर्टिस बोलिन. तुमचा वाचक. तुमच्या पातेल्याच्या फरसबीच्या बरण्या माझ्यापुढे आहेत आणि मला आत्ता सांगण्यात आलंय की त्यात विष असू शकतं. तासाभरात अख्खं चर्च जेवायला येणार होतं. मला सांगा, हे मी कुणाला वाढू?”

केंडलने आवाज आणखी गोड केला.

“सर, मला फार वाईट वाटतंय. तुम्ही आमच्या मदत विभागाला...”

पिकल्या केसांच्या बाईने फोनकडे वाकून सांगितलं, “मुली, मी डोरोथा क्लिंग. मदत विभाग तू बघ. मी राज्याच्या आरोग्य खात्याला फोन करतेय, आणि तुमच्या पानाचा फोटो मी आत्ताच काढलाय.”

आम्ही बरण्या दुहेरी पिशव्यांत घालून पिशव्यांची तोंडं चिकटपट्टीने बंद केली, ट्रे टाकला, ब्लीचच्या पाण्याने ओटा पुसला. कर्टिसने आम्हाला अडवलं नाही.  त्या बरण्या पिशवीत जाताना तो ज्या नजरेने बघत होता ती मला बघवेना. हौसेने केलेलं होतं हो सगळं. झाकणांवर त्याने तारखा घातल्या होत्या. ओटा पुसून व्हायच्या आत त्याने फोन पुन्हा उघडला, आणि पान नव्हतं. प्रक्रिया नाही, आढावा नाही, ऑक्टोबर नाही. पान गेलं होतं.

जेवणाला त्या बायांनी मक्याची कणसं उकडली. आम्हाला थांबा म्हणाल्या, पण आम्ही थांबलो नाही.

कर्टिस आणि ट्रिनाला काही झालं नाही. आर्डिथ आठवडाभर रोज त्याला फोन करायची. पहिले दोन दिवस तो “ठीक आहे” एवढंच म्हणून ठेवायचा, नंतर थोडं बोलायला लागला. त्यांना काही झालं नाही हे त्यांचं नशीब. त्या लेखाचं त्यात काही कर्तृत्व नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी केंडलचा फोन आला. आवाज तोच गोड. लेख दुरुस्त होऊन परत येणार होता, कुकरसकट. पानाच्या तळाशी एक ओळ असणार होती, ‘हा लेख अद्ययावत केला आहे’. बस. काय चुकलं होतं, किती दिवस चुकीचं होतं, ज्यांनी आधी वाचून बरण्या भरल्या त्यांनी काय करायचं, यातलं काही नाही.

“तिथे स्पष्ट लिहा,” आर्डिथ म्हणाली. “जुना लेख वाचून भरलेल्या बरण्या फेकून द्या, असं वरती लिहा. आणि त्याखाली माझं नाव घाला.”

“वकील नको म्हणतात. पण आर्डिथ, आम्हाला तू हवीयस. तुझी लिहिण्याची रीत आम्ही सगळ्यांना शिकवू पाहतोय. फक्त ती जरा आटोपशीर करून दे. करून बघण्याचा भाग वगळून.”

आर्डिथने फोन माझ्याकडे सरकवला, जणू मी साक्षीला बसलेली असावे, आणि म्हणाली, “ऐकलंस?” मग परत ओढून घेतला. “केंडल, करून बघणं वगळलं तर उरतं ते टंकणं. त्याला मी नको.” तिने नोकरी तिथेच सोडली.

आता ती स्वतःचं एक छोटं पान चालवते. वाचक थोडे. पहिला लेख फरसबीचा नव्हताच. तो होता, ‘पातेल्यात भरलेल्या फरसबीच्या बरण्या असतील तर आज काय कराल’. तोही माझ्या ओट्यावर रिकाम्या बरण्या घेऊन करून पाहिला, ठिपक्यांसकट.

पण राग माझा अजून गेलेला नाही, आणि कारण सांगते. ‘भरलं फडताळ’वरचा तो खोटा लेख सगळ्यांत वर होता, म्हणून बाकीच्यांनी तो उचलला होता. जसाच्या तसा, कुठे टोपली, कुठे दुसऱ्याच कुणा बाईचा हसरा फोटो, जिने आयुष्यात फरसबी निवडली असेल असं वाटत नाही. मूळ पान सुधारलं, पण नकला तशाच आहेत. आर्डिथ सकाळी ओसरीवर बसून एकेकाला लिहिते. परवा एकाचं उत्तर आलं. तिने मोठ्याने वाचलं:

“‘आपल्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार! वाचकांचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.’”

“खाली सही कुणाची आहे?”

“कुणाचीच नाही.”

“त्यांचा फोन नंबर आहे?”

तिने शोधून दिला. मी लावला. एका मुलीने उचलला. म्हणाली, लेखांचं काम बघणारे सोमवारी येतील, निरोप ठेवता का?

“निरोप नको,” मी म्हटलं. “नाव सांग त्यांचं. आणि सोमवारी तुमच्या ऑफिसचं दार किती वाजता उघडतं ते सांग.”